एकाखाली एक बरोबर

गॅसवर रताळं घातलेली पेज रटरटत होती आणि मी खिडकीतून वाळत घातलेल्या चादरींकडे लक्ष ठेवून होते. पंचांगातल्या नवव्या महिन्यातला आमच्या शिंचू शहराचा वारा कोणाच्या बापाचं ऐकत नाही. या वाऱ्यावर तांदळाच्या शेवया वाळतात, पर्सिमनची फळं वाळतात, आणि चिमटे नीट लावले नाहीत तर आपली चादर शेजारच्या गल्लीत वाळते.

तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारं माणूस आमच्या गल्लीत एकच.

दार उघडलं तर यिन-मेई मावशी. घरातल्याच सपाता पायात, एका हाताच्या तळव्याने डावा डोळा झाकलेला, दुसऱ्या हातात दोन कागद, वाऱ्याने फडफडणारे.

"आ-फेन, गॅस बारीक कर आणि इकडे बघ."

"मावशी, डोळ्याला काय झालं?"

"डोळ्याचं राहू दे. यातला सरळ कुठला तेवढं सांग."

दोन्ही कागदांवर एकच गणित होतं. लांबलचक, ओळीमागून ओळी उतरत गेलेलं, आणि प्रत्येक ओळीत एक बरोबरचं चिन्ह. पहिल्या कागदावर ती चिन्हं एकाखाली एक, ओळंबा सोडल्यासारखी. दुसऱ्यावर मात्र एक आत, एक बाहेर, शाळा सुटल्यावर पोरं चालतात तशी.

"हा सरळ," मी पहिला कागद वर धरला.

"नीट बघ."

"नीटच बघितलं. तो दुसरा तर सकाळी सकाळी ढोसून आल्यासारखा दिसतोय."

एरवी मावशी यावर खो खो हसल्या असत्या. आज त्या म्हणाल्या, "उलटं सांगते आहेस तू. पहिला वाकडा आला म्हणून तर मी दुसरा केला. महिनाभर दुसरं काय करते आहे मी?"

मी आत जाऊन मुलीची जुनी पोलादी पट्टी आणली आणि पहिल्या कागदावर त्या चिन्हांच्या कडेला लावली. पट्टी आणि चिन्हं अगदी चिकटून बसली. मावशी वाकल्या. मान तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली.

"तुझी पट्टीच वाकडी आहे," त्या म्हणाल्या.

पण पट्टी पोलादी होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दारातल्या चपला काढायच्या बाकावर हळूच बसल्या. मागे पेज उतू गेली, गॅस विझला, वास सुटला, पण दोघींपैकी कोणी उठलं नाही.

"म्हणजे तो जाळीवाला खरं बोलत होता," मावशी म्हणाल्या.

जाळीवाल्याचा किस्सा सगळ्या गल्लीला पाठ होता. उन्हाळ्यात भूकंपाचा एक धक्का बसला. मोठा नव्हता, आमच्याकडे कपाटातल्या बशा वाजल्या एवढंच. पण मावशींनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, की त्यांच्या पुढच्या खिडकीच्या लोखंडी जाळीचे गज वाकले. माणूस बोलावला. त्याने गज हाताळले, लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाला, "आजी, गज सरळ आहेत." मावशी म्हणाल्या, "मला शिकवतोस? मी आयुष्यभर सरळ रेघेचं खाल्लं आहे." तो म्हणाला, "मग आता थोडं वाकडं पण खा, बदल म्हणून." मावशींनी त्याला चहासुद्धा न देता घालवला. आमच्याकडे हा मोठाच अपमान. पुढे बरेच दिवस गल्लीत कोणी तिरका उभा राहिला तरी लोक म्हणायचे, "जाळीवाल्याला बोलवा रे."

सरळ रेघेचं खाल्लं, हे मात्र खरं होतं.

फान यिन-मेई, म्हणजे आमच्या मावशी, मूळच्या बेइपू गावाकडच्या. चहाच्या टेकड्यांवरचं हक्का समाजाचं कुटुंब, घरात पाठोपाठच्या बहिणी. त्यांना नोकरी लागली ती विद्यापीठातल्या गणित विभागात, टंकलेखिका म्हणून. तेव्हा टाइपरायटर होता. ग्रीक अक्षरं आली की अक्षरं कोरलेला धातूचा गोळा काढून दुसरा बसवायचा, एका ओळीत चारदा. बरोबरची चिन्हं एकाखाली एक आणायची तर प्रत्येक ओळीची अक्षरं आधी बोटांवर मोजायची, मागे यायचं, मग ठोकायचं. एक चुकलं की अख्खं पान पुन्हा. मावशी सांगायच्या, पहिल्या वर्षी त्या स्वप्नातसुद्धा मागे यायचं बटण दाबत होत्या.

मग विभागात संगणक आले आणि त्यांवर गणित मांडायचं लाटेक आलं. परदेशातून शिकून आलेले एक प्राध्यापक ते घेऊन आले आणि विभागातल्या टंकलेखिका घाबरल्या, कारण यात पान दिसायचंच नाही. नुसत्या खुणा लिहायच्या आणि पान मशीन मांडणार. मावशी घाबरल्या नाहीत. मी त्यांच्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलेली असताना त्यांनी मला एकदा समजावलं होतं. "प्रत्येक ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या जरा आधी ही खूण घालायची, ‘&’. ओळ संपली की दोन तिरप्या रेघा. बस. वरची ओळ वीतभर असू दे आणि खालची बोटभर, बरोबरची चिन्हं एका ओळंब्यात. गवंड्याला भिंत बांधावी लागते, मला नुसतं ओळंबा कुठे सोडायचा ते सांगावं लागतं." आणि मग पुढे, शेंगेचं बी तोंडात टाकत, "देव जर कुठे असेल ना आ-फेन, तर त्या खुणेत आहे."

विद्यापीठातल्या किती जणांचे प्रबंध, किती जणांची पुस्तकं त्यांच्या हातून गेली. कुठे त्यांचं नाव नाही. नाव असावं असं त्यांना वाटलंही नसावं. एकाचंच गणित त्यांनी कधी टाइप केलं नाही, आणि तो माणूस त्यांच्याच घरात राहत होता.

त्सेंग मास्तर, म्हणजे मावशींचे यजमान, आमच्या इथल्या शाळेत वरच्या वर्गांना गणित शिकवायचे. उंच, पोक काढलेले, शर्टाच्या खिशात नेहमी खडूचा तुकडा. त्यांना एक नाद होता. एखादं गणित मुलांना अडलं की ते त्याची सोपी सोडवणूक शोधत बसायचे आणि ती लिहायचे रोजच्या दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे. भिंतीवर दिवस गेला, की मागचा कोरा भाग मास्तरांचा. तसे गठ्ठेच्या गठ्ठे झाले होते. मुलं त्यांच्या झेरॉक्स काढून न्यायची. पण अक्षर म्हणजे काय सांगू! मावशी म्हणायच्या, "अहो, तुमची बरोबरची चिन्हं म्हणजे पिंजरा उघडल्यावरच्या कोंबड्या. एक इथे, एक तिथे."

मास्तर म्हणायचे, "उत्तर बरोबर येतंय ना? मग चिन्ह कुठे का उभं राहीना."

"उत्तर येईपर्यंत वाचणाऱ्याने कुठे बघायचं?"

"मग तूच टाइप कर ना एकदा माझं. सगळ्या विद्यापीठाचं करतेस."

"आधी नीट लिहा. मग बघू."

हे भांडण मी त्यांच्या दारात, भाजीच्या गाडीपाशी, बेफिकीर हसत ऐकलेलं आहे. सगळ्यांनीच ऐकलेलं होतं. नवरा-बायकोचं आवडतं भांडण असतं ना एखादं, ज्याच्यात कोणाला जिंकायचं नसतं, तसं ते होतं.

गेल्या वर्षी मास्तर आजारी पडले, तेव्हा अंथरुणावर बसून लिहायचे. मावशी सूप घेऊन गेल्या तर काय बघतात, मास्तर दिनदर्शिकेच्या पानामागे आधी पेन्सिलीने एक उभी रेघ ओढताहेत, आणि मग बरोबरची चिन्हं त्या रेघेवर, एकाखाली एक. एकही चिन्ह रेघेबाहेर नव्हतं.

"आता आलं शहाणपण," मावशी म्हणाल्या.

"मग आता तरी करशील टाइप?"

"नवं वर्ष होऊ दे. हात मोकळे झाले की करते."

अकराव्या महिन्यात मास्तर गेले. नवं वर्ष त्यांच्याशिवाय झालं.

मग मावशींनी ते सगळे गठ्ठे काढले, आणि मास्तरांचं पुस्तक त्या करायला बसल्या. त्यांना ते वर्षश्राद्धाला हवं होतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी मास्तरांच्या वेगळ्या उदबत्तीच्या पात्रातली चिमूटभर राख पूर्वजांच्या पात्रात घालायची, घराण्याच्या पाटीवर त्यांचं नाव चढवायचं. त्यानंतर मास्तरांना वेगळी उदबत्ती नाही, वेगळं ताट नाही, ते पितरांतले एक. त्या दिवशी पुस्तकाची एक प्रत पितरांसाठीच्या कागदी पैशांबरोबर जाळायची, म्हणजे ती त्यांच्या हाती पडते. मावशींचं सगळं ठरलेलं होतं. फक्त विधी सांगणाऱ्या गुरुजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, यंदा सहावा महिना दोनदा आला, अधिक महिना आहे, म्हणून वर्षश्राद्ध महिनाभर आधी धरायचं. अकराव्यात नाही, दहाव्यात.

"गिळला की गं एक महिना," मावशी त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाल्या होत्या. "जिवंतपणी मी टाळलं, आता हे पंचांग मला टाळतंय."

आणि आता हे.

पट्टी लावली त्याच दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. वाऱ्यात त्यांनी माझी कंबर घट्ट धरली होती. वाटेत एकदाच बोलल्या, "रस्त्यावरचे खांब मला महिनाभर नाचताना दिसतात. मला वाटायचं, वारा आहे."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी औषध घालून डोळे तपासले, फोटो काढले, आणि मग चौकटीचौकटींचा एक कागद समोर धरला, मधोमध काळा ठिपका.

"आजी, ठिपक्याकडे बघा. भोवतीच्या रेघा कशा दिसतात?"

"पाण्यात पडल्यासारख्या. आणि ठिपका कुठाय?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. मावशींचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू होता, सगळा भार उजव्यावर. आणि उजव्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर पाणी आणि रक्त झिरपत होतं. वयाने होतं असं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन द्यायचं. आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, त्या म्हणाल्या, गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही.

"बाई, मला माहीत आहे की रेघ सरळ आहे," मावशी म्हणाल्या. "पण दिसते वाकडी. मग विश्वास कोणावर ठेवायचा?"

"माहीत आहे त्यावर ठेवा, आजी."

"तुम्हाला सोपं आहे म्हणायला. तुम्ही अजून भाजी निवडता ना डोळ्यांनी?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मावशी हसल्या नाहीत. घरी येताना चौकातल्या दिव्याला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "सकाळी उदबत्ती लावताना यांच्या फोटोकडे बघितलं. कडेचे केस दिसतात, कॉलर दिसते. मधला माणूस सरकलाय कुठेतरी. जिकडे बघावं तेच जातं गं."

दिवा हिरवा झाला. मला गाडी पुढे न्यायचं सुचेना. मागच्याने हॉर्न वाजवला.

संध्याकाळी मावशींच्या मुलाचा, कुओ-लियांगचा, काओश्युंगहून फोन आला. मी तिथेच होते. फोन टेबलावर ठेवलेला, त्यामुळे ऐकू येत होतं.

"आई, फाईल पाठव मला. इथे कोणीही एका दिवसात करून देईल. तू डोळ्यांना त्रास देऊ नकोस."

"कोणीही म्हणजे कोण?"

"कोणीही! काम करणारे असतात ना. बाबांना काय फरक पडणार आहे?"

"बाबांना नाही पडणार. मला पडतो."

"आई, हट्ट करू नकोस."

"तुझ्या बाबांनी एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे. तीही लग्नाच्या चाळीस वर्षांत. तू काय कोणाला पैसे देऊन माझ्या वाटचं श्राद्ध करून घेणार आहेस?"

मुलगा हळूच म्हणाला, "जेवलीस का?" आमच्याकडे पोरं माफी अशीच मागतात. "जेवले," मावशी म्हणाल्या, आणि जेवलेल्या नव्हत्या.

फोन ठेवून त्यांनी संगणक लावला आणि मला शेजारी बसवलं. काय झालं होतं ते मला तेव्हा नीट कळलं. मावशींनी प्रत्येक ओळीत आपली खूण जागच्या जागी घातली होती, आणि मशीनने चिन्हं ओळंब्यात उभीही केली होती. पण त्यांना ती वाकडी दिसली, म्हणून त्यांनी खुणेच्या पुढे ओळीओळीत केसभर जागा सोडायची आज्ञा घातली होती, कुठे उजवीकडे सरकवायला, कुठे डावीकडे. त्यांच्या डोळ्यांतल्या वाकाला जुळेल एवढी. जे सरळ होतं ते त्यांनी पान पान करत, महिनाभर, मन लावून वाकडं केलं होतं.

"काढून टाकू या सगळं," मी म्हटलं.

"काढ. मी सांगते कसं ते."

त्यांनी सांगितलं, मी शोधून शोधून त्या सगळ्या आज्ञा पुसल्या. पुन्हा पानं छापली. चिन्हं एकाखाली एक. मी पट्टी लावून प्रत्येक पान बघितलं आणि मोठ्याने म्हणत गेले, सरळ, सरळ, हेही सरळ. मावशी हाताची घडी घालून भिंतीकडे बघत ऐकत होत्या.

"बघ, नुसती ती खूण सोडली असती तिच्या कामावर तर काही झालं नसतं," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर तिच्यावर भरवसा टाकला. आणि यांच्या पुस्तकाच्या वेळेला नेमकी लुडबूड केली."

"तुम्हाला काय माहीत होतं मावशी."

"निम्मं पुस्तक राहिलंय अजून. पेन्सिलीच्या रेघेवालं सगळं पुढेच आहे."

मी निघाले तेव्हा मला वाटलं, चला, अडचण निदान कळली तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यात मांसाच्या गोळ्यांचं सूप घेऊन गेले. या वेळी थाप मी मारली. दार उघडंच होतं. मावशी संगणकापुढे बसल्या होत्या, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ. छापलेली नवी पानं टेबलावर पडली होती. वरचं पान बघितलं आणि डब्याचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. पुन्हा एक आत, एक बाहेर.

मी काही बोलण्याआधीच मावशी म्हणाल्या, "माहीत आहे मला."

"मावशी, काल तर आपण..."

"माहीत आहे म्हटलं ना. डॉक्टरीण म्हणाली ते माहीत आहे. तू पट्टी लावलीस ते माहीत आहे. सकाळी बसले तेव्हा स्वतःला बजावलं, यिन-मेई, तुला वाकडं दिसेल, दिसू दे. पण समोर वाकडी ओळ दिसली की हात जातो गं. मला कळायच्या आत जातो. मासा करपायला लागला की तुझा हात जातो ना तव्याकडे? तू काय विचार करतेस?" त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने धरला होता, लहान मुलाचा धरावा तसा. "याला कोण सांगणार की तू सत्तरीचा झालास, आता थांब?"

मी सूप वाटीत ओतलं. त्यांनी चमचा वाटीच्या बाहेर टेकवला, मग कडेने चाचपत आत नेला. दोन घोट घेतले.

"हे हसतील बघ," त्या म्हणाल्या. "तिथे पुस्तक पोहोचलं की पहिलं पान उघडतील आणि म्हणतील, बायको मला जन्मभर कोंबड्या म्हणाली, आणि हिच्या बघा. आणि मग पुढचं पान उघडतील, आणि मग नाही हसणार. त्यांना कळेल काय झालंय ते. तेच नको आहे मला. पितरांत जाताना माझी काळजी मनात घेऊन ते जायला नकोत."

खिडकीच्या जाळीवर वारा वाजत होता. गज सरळ होते, मी मुद्दाम बघितलं.

"मावशी, तुम्ही बोला, मी टाइप करते," मी म्हटलं. "रसायनशास्त्राची का होईना, पदवी आहे माझी. शिकवलंत तर येईल."

"नाही." मग आवाज जरा खाली आणून, "तू मनापासून म्हणतेस, कळतं मला. पण नाही. त्यांनी मला सांगितलं होतं."

काही वेळ त्या दिनदर्शिकेच्या वरच्या पानावरून बोट फिरवत राहिल्या. पेन्सिलीची रेघ बोटाला लागत नसणार, तरी फिरवत होत्या. मग खुर्ची थोडी सरकवली, शेजारच्या स्टुलावरचे गठ्ठे उचलून खाली ठेवले, आणि अंगावरचा स्वेटर ओढून नीट केला. काही मागायची सवय नव्हती त्यांना.

"आ-फेन, वर्षश्राद्धापर्यंत रोज सकाळी थोडा वेळ माझ्याशेजारी येऊन बस. मी विचारीन, सरळ आहे का? असेल तर सरळ म्हण, नसेल तर वाकडं म्हण. बाकी कशाला हात लावू नकोस."